फॉर्मवर सही कोण करणार? : नवी पेठेतल्या मेसवाल्या काकूंना पत्र

ती. काकूंना,
सा. न. वि. वि.

तुम्ही बजावलं होतं, "माझं नाव कुठं घालू नकोस, मेसचं तर मुळीच नको. पन्नास फोन येतील आणि त्यातले चाळीस डबा मिळेल का विचारतील." म्हणून घातलेलं नाही. नवी पेठेत गल्लोगल्ली मेस आहेत आणि प्रत्येक मेसला एक काकू आहे, तेव्हा तुम्ही कुणाला सापडायच्या नाहीत. पत्र तुमचा भाचा वाचून दाखवील. चष्मा शोधत बसू नका.

तो मंगळवार आठवा. जानेवारीतल्या शनिवार-रविवारी आमचा मेळावा होता, राज्यभरातून माणसं येणार होती. दोन दिवसांचं प्रशिक्षण: पोलीस ठाण्यात काय बोलायचं, शाळेत त्रास झालेल्या मुलाला कसं सांभाळायचं, घरच्यांशी कसं बोलायचं. ज्या कार्यालयाचा हॉल घेतला होता त्यांनी फलकाचा मजकूर मागवून घेतला, त्यात 'एलजीबीटीक्यू' ही अक्षरं वाचली, आणि दुपारी फोन केला की पाण्याची अडचण झाली आहे. अनामत परत दिली, तेवढं खरं. पाणी मात्र त्याच शनिवारी तिथल्या लग्नाला पुरलं.

मी तुमच्याकडे आलो होतो तो जेवणाची ऑर्डर रद्द करायला. तुम्ही मेथी निवडत होता. म्हणालात, "वरची अभ्यासिका दिवाळीपासून बंदच आहे. टेबलं हलवली तर शंभर माणूस बसेल. पण ही माणसं कोण, ते तरी सांग."

२०१२ पासून तीन वर्षं मी तुमच्याकडे जेवलो. कार्ड नंबर ६४. स्पर्धा परीक्षेचं काही जमलं नाही, हे तुम्हाला माझ्या आईच्याही आधी कळलं होतं. पण ही एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नव्हती. त्या दिवशी सांगितली, कारण जागा मागताना अर्धवट बोलणं बरं दिसलं नसतं. म्हटलं, "काकू, समलिंगी लोक असतात, तृतीयपंथी असतात, त्यांचा कार्यक्रम आहे. आणि मीही त्यातलाच आहे."

तुम्ही जुडी संपवली. मग विचारलंत, "तो चष्मेवाला तुझ्याबरोबर यायचा, तो?"

"हो."

"भात फार टाकायचा पानात."

एवढंच. घरी जाऊन हे त्याला सांगितलं तर तो म्हणाला, भात फडफडीत नसायचा. ते तुम्ही आपसात मिटवा.

अटी मात्र तुम्ही घातल्यातच. सातच्या आत हॉल रिकामा, चपला जिन्यात नकोत, ताटाचे नव्वद रुपये, एक रुपया कमी नाही. "फुकट जेवणारा माणूस नावं ठेवतो." आणि खाडा धरणार नाही, आला नाही तरी ताटाचे पैसे द्यायचे. मी मान डोलावली. (सहा जण आले नाहीत. त्यांचे पैसे मी भरले आहेत, हे इथे नोंदवतो.)

शनिवारी सकाळी माणसं येऊ लागली. गडचिरोलीहून रात्रभर प्रवास करून आलेला मुलगा, सोलापूर-सांगलीकडचे स्वारगेटला उतरून, नाशिक-संभाजीनगरचे वाकडेवाडीला. कुणी शिवाजीनगर स्टँड म्हणून मेट्रोच्या कामाच्या जागी जाऊन उभं राहिलेलं. मिळून ब्याण्णव जण. भोगी होऊन गेली होती, तरी तुम्ही भोगीचीच भाजी आणि तीळ लावलेली भाकरी केलीत. जळगावच्या दोघींनी तिसऱ्यांदा भाजी मागितली तेव्हा तुम्ही खूश झालात, ते मी जिन्यातून पाहिलं.

पुण्यात हे काम आजचं नाही. आमच्यासारख्यांसाठी काम करणारा समपथिक ट्रस्ट इथे २००२ पासून आहे, आमची प्राईड यात्रा २०११ पासून निघते. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दोन सज्ञान माणसांचे संमतीचे समलिंगी संबंध ३७७ कलमाखाली गुन्हा नाहीत, त्या दिवशी आम्हीही पेढे वाटले होते. पण इतक्या वर्षांत आमची एक सवय झाली होती, आणि ती तुम्ही रविवारी सकाळी पकडलीत.

वेळापत्रक मी केलं होतं. कोर्टाच्या निकालांना दीड तास आणि 'कागदपत्रे' या विषयाला शेवटची तीस मिनिटं, तीही उरली तर. वकीलबाई पडद्यावर निकाल दाखवत होत्या, पाट्या सगळ्या इंग्रजीत. २०१४ चा तृतीयपंथींच्या ओळखीचा निकाल, २०१८ चा, मग १७ ऑक्टोबर २०२३ चा, ज्यात समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क मिळाला नाही. मागच्या रांगेतल्यांच्या माना डुलत होत्या. तुम्ही दुपारची पानं किती ते मोजायला वर आलात आणि दाराशीच थांबलात. वकीलबाई 'चोझन फॅमिली' म्हणाल्या तेव्हा तुम्ही शेजारच्या मुलीला विचारलंत, "म्हणजे मानलेली माणसं ना?" ती हो म्हणाली. त्यावर तुम्ही अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलंत, "मग ह्या मानलेल्या माणसाला ॲडमिट केलं, तर फॉर्मवर सही कोण करणार?"

पंखा तेवढा वाजत होता.

तुम्ही खाली गेलात. मला वाटलं, संपलं. पाच मिनिटांनी पत्र्याची पेटी घेऊन वर आलात, तीच ती, गल्ल्याच्या मागे असायची. तिच्यात आम्हा पोरांची कार्डं असतील असं मला इतकी वर्षं वाटत होतं. आत काकांचं मृत्यूचं प्रमाणपत्र, शॉप ॲक्टचा परवाना, लाइट बिलं, कोर्टाच्या आदेशाची पिवळी पडलेली प्रत, आणि लाल दोऱ्यात बांधलेलं बँकेचं जुनं पासबुक.

ते पासबुक वर धरून तुम्ही सांगितलंत. काकांनी खातं लग्नाआधी उघडलेलं, नॉमिनी थोरले दीर, बदलायचं राहून गेलं. काका गेले, पैसे दिरांच्या हाती. नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा, मालक नव्हे, वारसाचा हक्क राहतोच. पण तो कागदावर आणायला तुमची दोन वर्षं गेली. पेटी बंद करता करता म्हणालात, "माझ्या गळ्यात मंगळसूत्र होतं, घरात लग्नाचे फोटो होते, तरी दोन वर्षं. तुमच्याकडे काय आहे?"

वकीलबाईंनी पडद्याची वायर काढली. उरलेला दिवस त्या मराठीत बोलल्या, आणि त्यांना फार चांगलं मराठी येतं हे आम्हाला तेव्हा कळलं.

त्यांनी जे सांगितलं ते तुम्ही भाताच्या गडबडीत अर्धंच ऐकलंत, म्हणून लिहितो. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो, दोन साक्षीदारांसमोर सही करायची, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. ज्याला द्यायचं त्याला साक्षीदार करू नये. आपण बेशुद्ध पडलो तर उपचारांचं काय, हे आधी लिहून ठेवता येतं. त्याला दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतो. मानसिक आजारासाठी तर २०१७ च्या कायद्यात साध्या कागदावर आपला प्रतिनिधी नेमता येतो आणि तो नातेवाईकच असावा असं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. शिधापत्रिकेसाठी जोडीदाराला एकाच घरातलं माणूस धरावं, असंही राज्यांना कळवलं आहे.

जळगावच्या दोघी अकरा वर्षं एकत्र राहतात आणि अजून आपापल्या भावांच्या कार्डांवर आहेत. एक म्हणाली, आमच्याकडच्या क्लार्कने हे ऐकलेलंही नसेल. तुम्ही ताटं गोळा करता करता म्हणालात, "त्याने ऐकलंय की नाही ते सोड. अर्ज दे आणि पोच घे. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही." मी ते फळ्यावर लिहिलं. दोन दिवसांत फळ्यावर लिहिलेलं आणि सगळ्यांनी उतरवून घेतलेलं ते एकच वाक्य.

मिरजेकडचा एक वयस्क जोगता, म्हणजे देवीला सोडलेला, डोक्यावर पदर, तोवर गप्प होता. तो म्हणाला, आमच्यात गुरूच्या मागं चेल्याला मिळतं, सगळ्यांना ठाऊक असतं. पण गुरू गेला की वीस वर्षं तोंड न दाखवलेला भाऊ पहिल्या दिवशी दारात येतो. दुपारी सगळ्यांच्या आधी त्याने कोरा कागद मागून घेतला. लिहिता येत नव्हतं. गडचिरोलीच्या मुलाने त्याच्यासाठी कच्चा मसुदा लिहून दिला, देवीचा जग, म्हणजे डोक्यावर घेऊन फिरतात ती देवीची मूर्ती आणि टोपली, कुणाकडे जाईल इथपासून ते शिलाई मशीनपर्यंत.

चारला चहा आला तेव्हा बहुतेकांच्या हातात पेन होतं. मी माझाही कागद घेतला. धायरीचा फ्लॅट माझ्या नावावर, हप्ता निम्मा चष्मेवाला भरतो, दर महिन्याच्या पाच तारखेला, आणि त्याचा उल्लेख कुठेही नाही. मी लिहून न ठेवता गेलो तर फ्लॅट आईचा होईल. आई वाईट नाही हो. पण बार्शीहून ती पुण्याला आली की तो दोन दिवस मित्राकडे राहायला जातो, असं आमचं आठ वर्षं चाललंय. मी लोकांना प्रशिक्षण देणारा माणूस. व्यासपीठावर माझं नाव, आणि माझ्याकडे साधी पोच नाही.

तुमचे आभार कसे मानायचे ते ठरत नव्हतं. त्याने साडी आणली होती. मी म्हटलं, काकू परत करतील आणि किंमतही विचारतील. जागेचं भाडं तुम्ही घेतलं नाहीत, 'टेबलं तुम्हीच हलवलीत, परत तुम्हीच लावलीत' म्हणून. पण बिलात चहा धरलात. एकशे ऐंशी कप. मी मोजले होते, एकशे चौऱ्याहत्तर झाले होते, असो.

आमची दोघांची मृत्युपत्रं आता टाइप होऊन आली आहेत. आईशीही बोललो आहे, फोनवर, सतरा मिनिटं. त्यातली दहा ती गप्प होती. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान असावा, मागे राहील असा, हा नियम तुम्हीच त्या दिवशी सगळ्यांना सांगितलात. त्याप्रमाणे एक साक्षीदार तुमचा भाचा, वय सव्वीस. दुसऱ्या जागेसाठी मात्र आम्ही तुमचा नियम मोडायचं ठरवलं आहे.

रविवारी रात्री मेस बंद असते, तेव्हा सातला येतो. आधारची झेरॉक्स काढून ठेवा. चष्मेवालाही येणार आहे. भात फडफडीत असेल तर पानात टाकणार नाही म्हणतो.

तुमचा,
कार्ड नंबर ६४