काळ्या शर्टाचा रंग

टिळकवाडी, बेळगाव
४ नोव्हेंबर

पल्ले,

आधी शिव्या दे, मग वाच. गणपतीत 'रविवारी निवांत लिहिते' म्हणाले होते, तो रविवार आज उगवला. इकडं सगळं ठीक. आईचा गुडघा आहे तसाच. बाबांची शुगर आटोक्यात, राग नाही.

तर, एक तारखेला, काळ्या दिनालाच, घोळ झाला. आदल्या रात्री दरवर्षीप्रमाणं बाबांच्या काळ्या शर्टाला मीच इस्त्री केली. तोच, कॉलर विरलेला. नवा घेऊ म्हटलं की 'सीमाप्रश्न सुटला की घेऊ'. सकाळी दंडाला फीत बांधून, सायकलला हवा भरून ते संभाजी उद्यानाकडं गेले. सुट्टी असूनही आमच्या ऑफिसात दहाला कर्नाटक राज्योत्सवाचा ध्वज, सगळ्यांनी यायचंच. कुणीतरी माझ्या गळ्यात लाल-पिवळा शेला घातला, फोटो काढला. मी त्यात हसतेय गं, चांगली बत्तीशी दाखवून! साहेबांनी तो स्टेटसला टाकला. सायकल फेरी मराठा मंदिरला पोचायच्या आत फोटो बाबांच्या मोबाईलवर. कुणी धाडला ते तू ओळखलंच असशील.

ओरडले असते तर बरं. जेवले, हात धुतले, झोपले. तेव्हापासून माझ्याशी अक्षर नाही. मीठ हवं तरी आईला सांगतात.

त्यांचं चूक कसं म्हणू? १९८६ ला कन्नड सक्तीच्या आंदोलनात खाल्लेली लाठी उजव्या हातात अजून आहे, घागर उचलत नाहीत. २००४ ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला तेव्हा आपण पहिलीत होतो. आता माझ्या लग्नाची बोलणी चाललीत, ते अजून कोर्टाच्या तारखेची वाट बघतात. पण शेतीचा उतारा कन्नडात येतो, तो वाचायला मीच लागते. आईच्या ऑपरेशनला रात्रभर बसली ती बैलहोंगलची शिल्पा, आणि दवाखान्यात तिला दर तासाला कन्नडात 'ऊट आयता री?', जेवण झालं का, विचारणारे कोण, तर हेच बाबा!

मला शेला हवा होता असं नाही, नको होता असंही नाही. सगळ्यांनी घातला म्हणून घातला. हे सांगितलं तर म्हणतील, तिथंच तर चुकतंय. आणि खरं सांगू, त्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

दहावीत तुला कन्नडात ब्याण्णव पडले म्हणून मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नव्हते, आठवतंय? 'फितूर' म्हणाले होते. माझे अठ्ठावन्न होते हेही खरं कारण होतं. आता माफी मागते, पण कुंदा पाठवणार नाही, वाटेत तुझा नवराच संपवेल.

तुझ्या नव्या घराचं लिही. सासूबाई बऱ्या? 'होय की' म्हटलं की पुण्यात अजून हसतात का गं? नोकरीचं काय झालं?

आज सकाळी बाबा बोलले एकदाचे. म्हणजे आईशीच, पण मला ऐकू जाईल असं. मोरीत धुणं भिजत होतं, वर माझा शेला.

"हे माझ्या शर्टाबरोबर भिजवू नको. रंग लागेल."

आई म्हणाली, "रंग तुमच्याच शर्टाचा जातोय. तीस वर्षं मी बघतेय की!"

मी बादलीत तोंड घालून हसले. बाबांचं तोंड पेपराआड होतं. पान मात्र बराच वेळ उलटलं नाही.

तुझी,
अश्वी