‘पितळी’ बिजागऱ्या आणि चुंबक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की नागपुरात हस्तकलेची छोटीमोठी प्रदर्शने भरू लागतात आणि त्यांत सागवानी किंवा शिसवी पेट्यांचे एखादे तरी टेबल असतेच. गेल्या वर्षी अशाच एका प्रदर्शनातून माझ्या मुलीने दागिन्यांसाठी एक पेटी घेतली. लाकूड चांगले होते, कोपऱ्यांचे सांधे दृष्ट लागावी असे होते आणि आतले मखमली अस्तरही नीट चिकटवलेले होते. यंदाचा पावसाळा सरेपर्यंत मात्र तिच्या पिवळ्याधमक बिजागऱ्यांवर तांबूस गंज चढला, एक स्क्रू सैल होऊन हातात आला आणि झाकण एका बाजूला कलले. मी बिजागरीला चुंबक लावून पाहिला, तर तो घट्ट चिकटला. पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू असल्यामुळे त्याला चुंबक धरत नाही. म्हणजे जे पितळ म्हणून विकले गेले, ते लोखंडी पत्र्यावर चढवलेला मुलामा होता.

पेटी करणाऱ्या त्या तरुणाला मी दोष देणार नाही, कारण बहुधा त्याचीही फसगतच झाली असावी. निवृत्तीनंतर मी स्वतः हौसेने पेट्या करतो आणि बाजारातली पाकिटे ओळखून आहे. वर ठळक अक्षरांत ‘ब्रास’ आणि त्याखाली मुंगीच्या पावलांनी ‘फिनिश’, असा हा मामला असतो. इतवारीतल्या एका दुकानदाराला मी तो गंजलेला जोड दाखवला, तेव्हा त्याने शांतपणे सांगितले, “काका, खपतो तर हाच माल.”

आपल्या भागाला लाकडाचा अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. नव्या संसद भवनात नागपूरचे सागवान गेले, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागवान रवाना झाले, आणि आलापल्लीच्या सागाचे नाव तर जुने वाढई आजही आदराने घेतात. लकडगंजात फळी निवडताना आपण तासभर लाकडाच्या तंतूंच्या रेषा न्याहाळतो, गाठी तपासतो, ओल विचारतो. बिजागरी मात्र परतीच्या वाटेवर, स्कूटर सुरू ठेवून घेतो. पेटी सांध्यात क्वचितच मोडते. ती मोडते बिजागरीत, कारण हलणारा भाग तेवढाच असतो.

निवडताना पहिली गोष्ट पाहावी ती फळीची जाडी. बिजागरीचे पान फळीच्या जाडीपेक्षा अरुंद हवे, नाहीतर ते आतल्या बाजूने डोकावते आणि स्क्रूची भोके कडेवर येऊन लाकूड फाटते. दुसरी गोष्ट म्हणजे मधली नळी आणि तिच्यातली पिन. बिजागरी उघडून दोन्ही पाने विरुद्ध दिशांनी हलवून पाहावीत. दुकानातच खडखडणारी बिजागरी घरी आणून सुधारत नाही. ठोकून वळवलेल्या पातळ पत्र्याच्या बिजागऱ्या मिटल्यावर पाने समांतर राहत नाहीत, हेही तिथेच डोळ्यांसमोर धरून पाहता येते. स्क्रूचे डोके भोकाच्या खोबणीत पुरते बसले पाहिजे, कारण वर राहिलेली दोन डोकी एकमेकांवर आदळली तर झाकण कधीच नीट मिटणार नाही.

नागपूरच्या हवेचा विचार इथे टाळता येत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, हवा पापडासारखी कोरडी होते, आणि ऑगस्टमध्ये तेच लाकूड ओल पिते. लाकूड रेषेच्या दिशेने जवळपास बदलत नाही, आडवे मात्र फुगते आणि आक्रसते. ३० सेंटिमीटर रुंदीची सागाची फळी दोन ऋतूंमध्ये एक-दोन मिलिमीटर सहज हलते. त्यामुळे झाकणाच्या रेषा बिजागऱ्यांच्या ओळीला समांतर ठेवाव्यात. तसे केले की फुगवटा पुढच्या कडेला जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. रेषा पुढून मागे ठेवल्या तर दोन बिजागऱ्यांमधले अंतरच ऋतूनुसार बदलते, खालची पेटी मात्र तेवढीच राहते, आणि जुलै महिन्यात झाकण कुरकुरू लागते. शिवाय अशा वेळी झाकणाच्या मागच्या कडेला रेषांची टोके येतात आणि त्या काठावर लाकूड लवकर चिरते.

खरे कौशल्य बिजागरीचे पान बसवण्यासाठी लाकडात कोरलेल्या खाचेच्या खोलीत आहे. बिजागरी मिटवून, पाने समांतर धरून तिची एकूण जाडी मोजावी आणि तिच्या निम्मी खोली पेटीच्या काठात व निम्मी झाकणात घ्यावी. खुणा पेन्सिलीने न करता धारदार पातीने कराव्यात, म्हणजे पटाशी त्या चिरेतच बसते. खाच उथळ राहिली तर मागच्या बाजूला फट दिसते. ती कुरूप असली तरी घातक नसते. खाच जास्त खोल गेली तर बिजागरी पुरती मिटण्याआधीच मागचे लाकूड लाकडाला टेकते, झाकण पुढून उघडे राहते, आणि ते हाताने दाबून बंद करणारा माणूस नकळत दर वेळी थोडे थोडे स्क्रू उपटत असतो. माझ्या मुलीच्या पेटीत नेमके हेच झाले होते. यावर उपाय सोपा आहे: पानाखाली जाड कागदाचा तुकडा घालावा. जुन्या लग्नपत्रिका त्यासाठी मी जपून ठेवतो, यावरून घरात माझी थट्टाही होते.

स्क्रूबद्दल थोडे. पितळी स्क्रू मऊ असतो आणि सागासारख्या लाकडात जोर लावला की त्याचे डोके तुटून देठ आत राहतो. म्हणून आधी बारीक भोक पाडावे, त्यात त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडून घ्यावेत, तो काढावा आणि मग मेण लावून पितळी स्क्रू बसवावा. साबण लावू नये, तो ओल धरतो. झाकणाची फळी १० मिलिमीटरची असेल तर अर्ध्या इंचाचा स्क्रू वरून बाहेर पडतो. मग कोणी त्याचे टोक कानशीने घासून टाकतो आणि पकडही गमावतो. सुरुवातीला प्रत्येक पानात एकच स्क्रू लावून झाकण चार वेळा उघडून-मिटून पाहावे आणि मगच बाकीचे लावावेत. झाकण मागे धाडकन पडू नये म्हणून आतून बारीक साखळी द्यावी, कारण मागे लोंबणारे झाकण तरफेसारखे स्क्रू उचलत राहते.

आमच्या घरात आजीची फणेरपेटी आहे. तिला आजच्या अर्थाने बिजागरी नाहीच. तारेच्या दोन कड्या एकमेकींत अडकवलेल्या आहेत आणि त्यांची टोके फळीतून आरपार काढून आतून वाकवलेली आहेत. जोड इतका सैल आहे की लाकडाने कितीही हालचाल केली तरी त्याला ताण येत नाही. हे करणाऱ्या कारागिराकडे मोजमापाची साधने फारशी नसावीत, पण लाकूड हलणार हे त्याने गृहीत धरले होते. दिसायला ती ओबडधोबड आहे आणि आजच्या प्रदर्शनात कदाचित ती कोणी उचलणारही नाही.

आपल्या पत्राद्वारे दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. बिजागऱ्या विकणाऱ्यांनी पाकिटावर धातू आणि मुलामा स्पष्ट मराठीत, सारख्याच अक्षरांत छापावा. लोखंडी माल विकण्यात काही गैर नाही, तो लोखंडी म्हणून विकावा. आणि प्रदर्शनांच्या आयोजकांनी पेट्यांच्या टेबलावर लाकडाचे नाव लिहिलेली चिठ्ठी असते, तिच्यातच बिजागरीचा धातूही लिहायला सांगावे. यंदा प्रदर्शनांना जाताना मी खिशात चुंबक ठेवणार आहे. विक्रेत्यांनी राग मानू नये.

आपला नम्र,
एक वाचक
सक्करदरा, नागपूर