उद्याचा पाठ आज रात्रीच शाळेत उतरावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी अक्कलकुवा तालुक्यातील एका पाड्यावरच्या शाळेत शिकवतो. मागच्या आठवड्यात पाचवीच्या मुलांना समच्छेद अपूर्णांकांची बेरीज समजावी म्हणून शाळेचा टीव्ही माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून एक व्हिडिओ लावला. दोन मिनिटे चित्र स्वच्छ होते. मग रेंज उतरली आणि फळ्यावरचे आकडे धुरकट झाले. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारले, “सर, ते सहा आहे की आठ?” तोवर अर्ध्या वर्गाने वहीत 3/8 ऐवजी 3/6 लिहूनही घेतले होते. थोड्या वेळाने पडद्यावर नुसते चक्र फिरू लागले, तेव्हा मी टीव्ही बंद करून खडू हातात घेतला.

आमच्याकडे रेंज धड नाही, हे खरे आहे. पण तेवढे म्हणून विषय सोडून द्यावा असे मला वाटत नाही. इंटरनेटवरची कोंडी कशी फोडायची, हा प्रश्न वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 1995 च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील सहकाऱ्यांपुढे मांडला होता. टॉम लेटन आणि डॅनियल लुइन यांनी त्याला गणिताने उत्तर शोधले आणि 1998 मध्ये अकामाई ही कंपनी स्थापन केली. सगळ्यांना एकाच ठिकाणाहून न पुरवता मजकुराच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर (मजकूर साठवून पुरवणाऱ्या संगणकांवर) ठेवायच्या आणि मागणाऱ्याला जवळच्या, मोकळ्या सर्व्हरवरून द्यायच्या, हा त्या उत्तराचा गाभा. नेटफ्लिक्सने पुढे इंटरनेट पुरवठादारांच्या आवारातच आपले सर्व्हर ठेवले. उद्या कोणत्या भागात काय पाहिले जाईल याचा अंदाज बांधून, जाळ्यावर वर्दळ नसते त्या वेळी ते आधीच भरून ठेवले जातात.

करमणुकीसाठी एवढा अंदाज बांधावा लागतो, कारण कोण काय पाहील हे आधी ठाऊक नसते. शाळेचे मात्र तसे नाही. उद्या तिसऱ्या तासाला पाचवीत कोणता पाठ आहे, हे वेळापत्रकात आणि शिक्षकाच्या नियोजनाच्या वहीत आजच लिहिलेले असते. जो मजकूर कधी लागणार हे इतके नक्की ठाऊक आहे, तोच आम्ही ऐन तासिकेला, सगळ्या शाळा एकाच वेळी इंटरनेट वापरत असताना, दूरच्या सर्व्हरवरून ओढत बसतो.

थोडा हिशोब मांडतो. सेकंदाला एक मेगाबिट या दराचा अर्ध्या तासाचा पाठ साधारण 225 एमबी भरतो (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी). रात्री आमच्या पाड्यावर सेकंदाला अवघे 100 किलोबिट मिळाले, तरी तो पाच तासांत पूर्ण उतरेल, म्हणजे डाउनलोड होईल. शाळेत टीव्हीला जोडलेली, साठवणुकीची सोय असलेली एक लहान पेटी असावी आणि तिने नियोजनानुसार पाठ रात्रीच उतरवून ठेवावा, एवढेच मागणे आहे. आमच्याकडे रात्री वीज जाते, म्हणून उतरणे जिथे तुटले तिथूनच पुढे सुरू व्हायला हवे. ही सोय तंत्रज्ञानात पूर्वीपासूनच आहे.

दुसरी गोष्ट व्हिडिओ तयार करणाऱ्यांना सांगायची आहे. ऑनलाइन व्हिडिओच्या वेगवेगळ्या दर्जाच्या प्रती केलेल्या असतात आणि त्यांचे काही सेकंदांचे तुकडे पाडलेले असतात. मिळणारा वेग पाहून पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागवायचा, हे प्लेअर ठरवतो. वेग घटला की सहसा चित्राचे रिझोल्यूशन, म्हणजे त्यातले बारकावे, कमी होते. सिनेमातला चेहरा जरा धूसर झाला तर गोष्ट कळायची थांबत नाही, पण गणिताच्या पाठात आकडा हाच पाठ असतो. शिवाय फळा जवळजवळ स्थिर असतो आणि स्थिर चित्राला डेटा फार थोडा लागतो. त्यामुळे प्रती करतानाच काळजी घेतली, तर कमी वेगातही रिझोल्यूशन टिकवून अक्षर ठसठशीत ठेवता येते. प्रत्येक चित्रपटाच्या प्रती त्याच्या स्वरूपाप्रमाणे वेगळ्या करण्याची पद्धत नेटफ्लिक्सने 2015 मध्येच सांगितली होती. आपल्या पाठांच्या बाबतीत ती वापरायला काय हरकत आहे? आवाज तर कोणत्याही स्थितीत तुटू नये. सेकंदाला 64 किलोबिट दराने अर्ध्या तासाचा आवाज सुमारे 14 एमबीतच मावतो, आणि शिक्षकाचा आवाज चालू राहिला तर मी फळ्यावर आकडे लिहून पाठ पुढे नेऊ शकतो.

डिजिटल साहित्यासाठी पुढची खरेदी होईल, तेव्हा शिक्षण विभागाने या दोन्ही अटी निविदेत लिहाव्यात आणि पेटी शहरातल्या कार्यालयात न तपासता पाड्यावरच्या शाळेत तपासावी. त्यासाठी आमची शाळा आणि माझा पाचवीचा वर्ग कोणत्याही दिवशी तयार आहे.

आपला नम्र,
एक प्राथमिक शिक्षक,
ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार