जॉब फेअरमध्ये माझं दुसरं पान उलटणाऱ्या मॅडमना

नमस्कार मॅडम,

तुम्हाला मी आठवत असेन असं काही वाटत नाही. त्या दिवशी तुमच्या टेबलासमोर शंभरेक पोरं तरी येऊन गेली असतील, सगळ्यांचे कपडे कडक इस्त्रीचे आणि सगळ्यांच्या हातात तीच ट्रान्सपरंट फाइल. तरी ओळख म्हणून सांगते, जेवणाच्या ब्रेकच्या जरा आधी आलेली, घसा बसलेली, आणि तुम्ही "बोल" म्हणाल्यावर पाठ केलेलं पहिलंच वाक्य अर्ध्यात विसरलेली ती मी.

तुमच्याआधी माझे अकरा स्टॉल झाले होते. आमच्या प्लेसमेंटच्या सरांचा सल्ला एकच, जास्तीत जास्त ठिकाणी रेझ्युमे टाकून या, म्हणून मी हँडबिलं वाटल्यासारखी वाटत सुटले होते. याच सरांच्या वर्कशॉपमुळे अख्ख्या वर्गाच्या रेझ्युमेवर पहिली ओळ सेम टू सेम आहे, 'आव्हानात्मक वातावरणात काम करून स्वतःची व कंपनीची प्रगती साधणे'. (आव्हानात्मक वातावरण म्हणजे काय ते आम्हाला कुणालाच माहीत नाही, सरांनाही नसावं.) एका स्टॉलवरच्या दादाने मोबाइलमधून मान वर न काढता क्यूआर कोड दाखवला, वेबसाइटवर अप्लाय करा म्हणे. अरे, वेबसाइटवरच करायचं होतं तर घरून केलं असतं ना, दीड तास लाइनीत कशाला उभी राहिले असते. आणि एका ठिकाणी तर मी बोलत असतानाच त्यांनी पाण्याची बाटली उचलून माझ्या रेझ्युमेवर ठेवली. मुद्दाम नसेल ठेवली. पण कागदावरचा तो ओला गोल बघून पुढचं बोलणं घशातच राहिलं.

मग तुम्ही. तुम्ही आधी सरळ सांगितलंत की तुझ्या लाइनचं आमच्याकडे आत्ता काही नाही. मी "ओके थँक्यू" म्हणून कागद परत घ्यायला हात पुढे केला, तर तुम्ही तो दिलाच नाहीत, वाचत राहिलात. आणि मग पान उलटलंत. मॅडम, अकरा स्टॉलमध्ये कुणीही पान उलटलं नव्हतं, दुसरं पान आहे हेसुद्धा कुणाच्या लक्षात आलं नसेल. मागचा मुलगा पुढे सरकायला लागला तर त्याला "दोन मिनिटं थांब हां, हिचं चाललंय" म्हणालात. हिचं चाललंय! काहीच चाललं नव्हतं खरंतर, जागाच नव्हती तुमच्याकडे, पण ती दोन मिनिटं माझी आहेत असं तुम्ही मोठ्याने सांगितलंत. मला तेवढंच घट्ट लक्षात राहिलंय.

दुसऱ्या पानाच्या अगदी तळाला, छंदांच्या वर, 'लायब्ररीत मदत केली' अशी एक ओळ होती. जागा भरायला टाकलेली. तुम्ही विचारलंत, मदत म्हणजे काय केलंस? मी सांगायला लागले की सुट्टीत रजिस्टर आणि कपाटं ताडून बघितली, साडेतीन हजार पुस्तकं होती, सगळी एक्सेलमध्ये घातली, कुठलं कुणाकडे अडकलंय ते शोधून काढलं, आणि बोलता बोलता घसा आपोआप सुटला. तुम्ही त्या ओळीभोवती पेनाने गोल केलात, वर बाण काढलात आणि म्हणालात, "हे पहिल्या पानावर घे, आकडा लिही, आणि ते आव्हानात्मक वातावरण काढून टाक." मी एकदम हसले. सकाळपासून पहिल्यांदा.

नंतर कुठेतरी वाचलं की लिओनार्डो दा विंचीने १४८२ च्या आसपास इटलीतल्या मिलानचा कारभार हातात असलेल्या लुदोविको स्फोर्झाकडे काम मागायला पत्र लिहिलं, त्यात आधी पूल, तोफा, वेढा कसा घालायचा असं सगळं युद्धाचं, आणि चित्रं काढता येतात हे शेवटी. समोरच्याला काय हवंय ते वर. मी नेमकं उलटं केलं होतं. माझी तुलना त्याच्याशी नाही हो, पण आठवलं आणि तुमचा बाण डोळ्यासमोर आला.

त्यानंतर मी फक्त तीन स्टॉल केले. आधी जिथे नोकरी नाही मिळाली तरी चालेल अशा ठिकाणी तोंड मोकळं करून घेतलं, मग उरलेल्या दोन ठिकाणी गेले. 'तुमची कंपनी काय करते' हा येडपट प्रश्न बंद केला, त्याऐवजी नवीन माणूस पहिले सहा महिने नक्की काय करतो ते विचारलं, तर समोरची माणसं चक्क सरळ बसून बोलायला लागली. एकीकडून इंटरव्ह्यूला बोलावलंय. होईल नाहीतर नाही होणार, त्याचं मला फार टेन्शन नाही.

खरं सांगू, त्या बाटलीवाल्यांवरही आता राग नाही. दिवसभर उभं राहून तेच तेच ऐकायचं म्हणजे माणूस पकतोच. पण पकलेल्या तर तुम्हीही होतात की, तुमच्या आवाजावरून कळत होतं. पकलेलं असूनही समोरच्याचा कागद शेवटपर्यंत वाचणं हे काही कुणाच्या ड्युटीत लिहिलेलं नसतं.

निघताना तुम्ही म्हणालात, कुठल्याही स्टॉलवरून नाव विचारल्याशिवाय हलायचं नाही, बाहेर आल्या आल्या काय बोलणं झालं ते लिहून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी मेल टाकायचा. मी अगदी तसंच केलं, पुढच्या तिन्ही ठिकाणी नावं घेतली, तिघांना मेल गेले, दोघांचं उत्तरही आलं. आणि तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गळ्यातलं आयडी कार्ड उलटं फिरलेलं होतं, नुसता पांढरा प्लास्टिक दिसत होता. म्हणून तुमचा मेल हा असा, सगळ्यांसमोर.

तुमची,
लायब्ररीवाली