यंत्राला यानाचाच वास आला, त्याची गोष्ट

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, विद्यापीठात बसून अवकाशयान कसं बनवता? यान नाही हो बनवत. ते अवकाश संस्था आणि मोठ्या कंपन्यांचं काम. त्यावर बसणारी उपकरणं मात्र पुष्कळदा विद्यापीठांतून जातात, आणि त्यात आमचं स्वित्झर्लंडमधलं बर्न विद्यापीठ जुनंजाणतं. १९६९ साली अपोलो ११ चंद्रावर उतरलं, तेव्हा ऑल्ड्रिननं अमेरिकेचा झेंडा रोवण्याआधी इथली ॲल्युमिनियमची पातळ पन्नी उभी केली होती. सूर्याकडून येणारे कण तिच्यात रुतून बसावेत म्हणून. ७७ मिनिटांनी ती गुंडाळून परत आणली आणि अडकलेले हेलियम, निऑन इथं मोजले. वीज नाही, तार नाही, बिघडायला काहीच नाही! आम्हाला अजून त्या पन्नीचा हेवा वाटतो.

आमचं उपकरण म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, थोडक्यात यानाचं नाक. वायूचे रेणू आत आले की त्यांच्यावर इलेक्ट्रॉनचा मारा करायचा, म्हणजे ते विद्युतभारित होतात. मग सगळ्यांना विजेचा सारखाच धक्का द्यायचा. हलके आधी पोचतात, जड मागाहून. लागलेल्या वेळेवरून वजन कळतं, वजनावरून रेणू ओळखायचा.

२००४ साली निघालेल्या रोझेटा यानावर इथली अशी यंत्रं होती. २०१४ मध्ये यान धूमकेतूपाशी पोचलं आणि त्यांना हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया सापडले, म्हणजे सडक्या अंड्यांची दुर्गंधी. ग्लायसीन हे अमिनो आम्लही (प्रथिनं ज्यांपासून बनतात त्यांतलं एक) मिळालं. तिथल्या पाण्यात जड हायड्रोजनचं प्रमाण आपल्या समुद्राच्या तिप्पट निघालं, तेव्हा निदान असल्या धूमकेतूंनी आपले समुद्र भरले नसावेत. पण मला सगळ्यात आवडते ती वाटेतली गंमत. उड्डाणाला कित्येक वर्षं झाली तरी यंत्राला वास येत होता तो खुद्द यानाचाच! सांध्यांतला डिंक, उष्णतारोधक आवरणं, सगळं हळूहळू वाफ सोडत होतं.

म्हणून तर आमची सोवळ्याची तऱ्हा. स्वच्छ कक्षात जायचं तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, दुहेरी हातमोजे, पावडर-अत्तर बंद. बोटाचा ठसा उमटला तरी त्यातलं तेल पुढं मोजमापात दिसू शकतं. स्क्रू आवळतानाही दोघं लागतात: एकानं आवळायचा, दुसऱ्यानं पान्यावरचा आकडा वाचून सही करायची. सुरुवातीला मला हा कारकुनी छळ वाटे. आता सही नसलेला स्क्रू दिसला की अस्वस्थ व्हायला होतं.

मग थरथराटाची चाचणी. रॉकेट उडताना जेवढं हादरवतं तेवढं टेबलावर बांधून हादरवायचं. खरी युक्ती त्याच्या आधी आणि नंतर असते. अगदी हलक्या हातानं कंपनं देऊन यंत्र कुठल्या वारंवारतेला सर्वात जास्त थरथरतं ते पाहायचं. दोन्ही आलेख जुळले तर ठीक. शिखर सरकलं, तर बाहेरून काहीही दिसत नसलं तरी आत काहीतरी ढिलं झालंय. त्या दोन रेषा पडद्यावर एकमेकींवर चढत असताना खोलीत कुणी बोलत नाही.

आई, "मग तुझं यंत्र उडणार कधी?" हा तुझा प्रश्न. माझं उडायला अजून अवकाश आहे, पण इथल्याच एका गटाचं २०२३ साली ज्यूस यानावर गेलं. ते गुरूपाशी पोचेल २०३१ मध्ये. ज्यांनी ते बांधलं, त्यातले काही तोवर निवृत्त झालेले असतील आणि आलेले आकडे आज शाळेत असलेली पोरं वाचतील. वर गेलेल्या यंत्राचं जुळं भावंड मात्र प्रयोगशाळेतच ठेवतात. वरून विचित्र आकडा आला की खाली त्याच्यावर तसाच प्रयोग करून बघायचा.

पुढच्या आठवड्यापासून निर्वात कक्षातली चाचणी आहे. हवा काढायची, तापवायचं, गोठवायचं, पुन्हा तापवायचं, आणि चोवीस तास कुणीतरी आकड्यांसमोर बसायचं. मला रात्रपाळी मिळालीय. तेव्हा तुमच्या दुपारी फोन करू नका, मी झोपलेली असेन. संध्याकाळी मीच करीन.

तुमची,
मनू