वैशू, तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय वैशू,

गणपतीत तू विचारलेलंस ना, दगड बघून समुद्र किती वर होता ते तुम्हाला कळतं कसं, आणि मी मोदकांच्या गडबडीत "नंतर सांगते" म्हणाले, तर ते नंतर आज आलंय. सध्या बार्बाडोसला आहे. हो गं, तेच, जिथे 2024 ला आपण टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकलो आणि तू मला रात्री फोन करून ओरडत होतीस. या बेटाचा जवळपास 85 टक्के भाग जुन्या कोरलच्या, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळांच्या सांगाड्यांच्या, दगडाने झाकलेला आहे, जुन्या घरांच्या भिंतीसुद्धा त्याच दगडाच्या. किनाऱ्यावरून आत निघालं की रस्ता पायऱ्यांसारखा वर चढत जातो, आणि एकेक पायरी म्हणजे कधीकाळची समुद्रातली रीफ, कोरलनी बांधलेला खडक. बेट हळूहळू वर येतंय, हजार वर्षांत साधारण 30 सेंटीमीटर, म्हणून त्या रीफ आज डोंगरावर दिसतात.

(तुझ्या आजीच्या माळेतलं लाल पोवळं वेगळं हं, ते रीफ बांधत नाही.)

आमचं सगळं काम एका कोरलवर चालतं, एल्कहॉर्न. सांबराच्या शिंगांसारख्या रुंद फांद्या असतात त्याला. त्याला भरपूर उजेड आणि लाटा लागतात, त्यामुळे ते बहुतेक करून वरच्या 5 मीटर पाण्यातच वाढतं. म्हणजे ते जिथे वाढलं तिथेच उभं सापडलं की समजायचं, तेव्हा पाणी याच्या डोक्यावर फार नव्हतं, मग बेट मधल्या काळात किती उचललं गेलं ते हिशोबात धरायचं आणि समुद्राची पातळी मिळते. आणि वय? समुद्राच्या पाण्यात युरेनियम विरघळलेलं असतं, थोरियम जवळजवळ नसतंच, म्हणून जिवंत कोरलच्या सांगाड्यात फक्त युरेनियम जातं, आणि नंतर त्यातूनच थोरियम तयार होत राहतं. किती झालंय ते मोजलं की वय कळतं, चार-पाच लाख वर्षांपर्यंत मागे जाता येतं. मला अजून नवल वाटतं याचं, मोजपट्टी आणि घड्याळ एकाच दगडात!

पण दगड चांगला हवा. परवा रस्त्याच्या कटिंगमध्ये मनगटाएवढी जाड फांदी मिळाली, पृष्ठभागावरचे छोटे छोटे पेले अगदी जसेच्या तसे, मी इतकी खूश झाले, आणि फोडून भिंगाखाली धरली तर आत खडीसाखरेसारखे चमचमणारे खडे. म्हणजे पावसाचं पाणी मुरून सांगाड्यातलं मूळचं खनिज, ॲरागोनाइट, जाऊन त्याचं दुसरंच खनिज, कॅल्साइट, झालेलं, त्यात युरेनियम इकडेतिकडे झालेलं असणार, मग त्या वयावर विश्वास कसा ठेवायचा. टाकून दिली. रडू आलं खरं सांगते, पण असा एक नमुना डोळेझाक करून घेतला तर समुद्राच्या पातळीचा सगळा आलेखच खोटा होतो.

याच बेटाजवळ समुद्रात ड्रिल करून रिचर्ड फेअरबँक्स या शास्त्रज्ञांनी 1989 मध्ये दाखवलं की हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा साधारण 120 मीटर खाली होता. मग ताहितीच्या कोरलवरून 2012 मध्ये कळलं की सुमारे 14,600 वर्षांपूर्वी बर्फ असा काही वितळला की जेमतेम 350 वर्षांत तिथे पाणी 14 ते 18 मीटर चढलं. चार-पाच मजली बिल्डिंग गं! आपण ओहोटीला चालत जातो त्या कुलाबा किल्ल्याशी उभी राहून विचार कर. आणि सव्वा लाख वर्षांपूर्वी, जग आजच्यापेक्षा थोडंसंच गरम होतं तेव्हा, समुद्र आजच्याहून 6 ते 9 मीटर वर होता. हे आकडे मी रोज बघते आणि रोज पोटात गोळा येतो, कारण अलिबागचं तुमचं घर किती उंचीवर आहे ते मला माहिती आहे.

कोरलवरून तेव्हाच्या पाण्याचं तापमानही मिळतं, पाणी गार असलं की सांगाड्यात स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य जास्त जातं, वर्षाच्या रिंगांवर ते महिन्या-महिन्याचं मोजता येतं, पण ते भेटल्यावर सांगते.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. मी हजारो वर्षं जुने एल्कहॉर्न रोज हातात धरते, आणि जिवंत मात्र पोहताना आजवर एकदाच दिसलं. 1970-80 च्या दशकांत रोग आला आणि कॅरिबियनमधले बहुतेक मेले, आता वरून गरम पाणी. ती एक फांदी पिवळट-तपकिरी होती, टोकं पांढरी, खाली छोटे मासे लपलेले, मी श्वास संपेपर्यंत बघत बसले.

उद्या परत त्याच कटिंगला जातेय, जरा वरच्या थरात. चांगला तुकडा मिळाला तर फोटो पाठवते. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
मधू