'वेडसर' छापता, तर खाली मदतीचा फोन नंबर १४४१६ पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात पान ३ वर 'वेडसर तरुणाचा भरचौकात धिंगाणा' अशी बातमी आली, फोटोसकट. वाचून पोटात कालवलं, कारण पाच वर्षांपूर्वी तो फोटो माझ्या धाकट्या भावाचा असू शकला असता.

माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. भाऊ तेव्हा २३ वर्षांचा, पुण्यात एमपीएससी करत होता. आधी त्याचे फोन कमी झाले, मग झोप गेली, मित्र तुटले, आंघोळ चार-चार दिवस नाही, आम्हाला वाटलं अभ्यासाचं टेन्शन असेल. घरी आणला तर म्हणायला लागला की अण्णा बागेत जे औषध मारतात ते भुरी-दावण्या या द्राक्षांच्या रोगांसाठी नाहीच, ते माझ्यासाठी आहे. फवारणीच्या ब्लोअरचा आवाज आला की खिडकीच्या फटीत ओले टॉवेल कोंबायचा. आईच्या हातचं जेवण बंद. खायचा ते फक्त केळी आणि उकडलेली अंडी, ती पण स्वतः सोलून, कारण सालीच्या आत कुणाला काही घालता येत नाही ना! तेव्हा आम्हाला हा हट्ट वाटायचा. आता कळतं, ज्याची खात्रीच पटलीय की घरचे विष घालतायत तो माणूस दुसरं काय खाणार?

आणि आम्ही काय केलं तर वाद घातला. अण्णांनी फवारणीच्या औषधाची बिलं दाखवली, आई त्याच्यासमोर ताटातला घास खाऊन दाखवायची, आणि तो म्हणायचा तुम्ही सगळे मिळालेले आहात. मग आत्या म्हणाली बाहेरचं आहे. देवऋषी झाला, उतारे झाले, सहा अमावस्यांच्या वाऱ्या झाल्या, कुणी म्हणालं लग्न लावून द्या आपोआप सुधारेल (नशीब ते ऐकलं नाही, एका मुलीचं आयुष्य वाचलं). एकाने तर साखळीने बांधा म्हणून सांगितलं. ऑगस्ट २००१ मध्ये तामिळनाडूत एरवाडीच्या मनोरुग्णांच्या आश्रमाला आग लागली तेव्हा साखळीने बांधलेली २८ माणसं पळता न आल्यामुळे मेली, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असं बांधायला स्पष्ट बंदी आहे. हे आम्हाला तेव्हा कुणीच सांगितलं नाही.

आठ महिने असे गेले. शेवटी गावातल्या आशाताईंनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, सिव्हिलला मानसिक विभागाची ओपीडी असते, केसपेपर काढा आणि दाखवा, त्यात लाजायचं काही नाही.

डॉक्टरांनी पहिल्यांदा रक्त-लघवी तपासली, थायरॉइड बघितलं, गांजा-दारूचं विचारलं, कारण भास-भ्रम दुसऱ्या आजारांनी किंवा नशेनेही होऊ शकतात. मग आम्हाला बसवून सांगितलं, याला सायकोसिस म्हणतात. मनात आलेली शंका आणि खरं घडलेलं यातला फरक मेंदूला कळेनासा होतो, डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा त्यात मोठा भाग असतो, आणि कुणाच्या संस्काराचा यात दोष नाही. त्या वाक्यावर आई तिथेच रडली. पुढे ते म्हणाले, उपचार जितके लवकर सुरू तितका माणूस जास्त परत मिळतो. ते आठ महिने मला अजून टोचतात.

गोळ्या सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी एका सकाळी तो चुलीपाशी येऊन बसला आणि आईच्या हातातली भाकरी घेऊन खाल्ली. कुणी काही बोललं नाही, आईने दुसरी थापायला घेतली.

सगळं गोड झालं असं नाही. वजन १४ किलो वाढलं, दिवसभर झोप, हात कडक व्हायचे, मग डॉक्टरांनी गोळी बदलली. वर्षाने बरं वाटतंय म्हणून त्याने लपून गोळ्या सोडल्या आणि दीड महिन्यात परत टॉवेल खिडकीत. आता महिन्याला एक इंजेक्शन आहे, त्यामुळे रोजच्या गोळीवरून भांडण नाही. एमपीएससी सुटली, तो बागेत विरळणीला असतो, हिशोब तोच ठेवतो.

आम्ही पण शिकलो. त्याला काही ऐकू आलं तर आता मी खोटं आहे म्हणत नाही आणि खरं आहे पण म्हणत नाही, म्हणते मला नाही ऐकू येत रे, पण तू घाबरलायस हे दिसतंय, मी बसते इथे. हे मला पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या पालकांच्या गटात कळलं. तिथे पहिल्यांदा असं वाटलं की आपण एकटे नाही, शेजारी बसलेल्या बाईच्या घरात पण तसाच टॉवेल आहे.

आणि धिंगाण्याबद्दल सांगते, सायकोसिस असलेली बहुतेक माणसं कुणाच्या अंगावर जात नाहीत, उलट तीच जास्त मार खातात. तुमच्या बातमीतल्या मुलालाही लोकांनी चोपलं असं शेवटच्या ओळीत होतं.

विजेची तार तुटल्याची बातमी असते तेव्हा कुठे फोन करायचा ते तुम्ही छापता. तसंच इथे करा एवढीच विनंती. 'वेडसर' शब्द काढा, फोटो नको, आणि खाली चौकटीत टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर द्या, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे तरी आमच्या गावात दहा जणांना विचारलं तर एकालाही माहीत नव्हता. सरकारी दवाखान्यातले उपचार हा त्या २०१७ च्या कायद्याने हक्क आहे हे पण एका ओळीत येऊ द्या.

भावाला विचारूनच लिहिलंय. तो म्हणाला नाव नको, पण अंड्याचं लिही, लोकांना कळू दे.

आपली,
एक वाचक, विटा (जि. सांगली)